कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधलेल्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही दुरुस्त करून दिलेल्या यशिका मॅट १२४जी या जुळ्या लेन्सच्या फिल्म कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली होती. एका जुन्या दगडी गावाच्या निगेटिव्हज आज एकसारख्या उतरल्या आहेत, त्याचं मोठं श्रेय त्या चिठ्ठीला आहे. आभार खाजगीत मानता आले असते. पण जुना फिल्म कॅमेरा घेऊन अशा गावात जाणाऱ्या सगळ्यांनाच तुमचं ज्ञान उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

चिठ्ठीवर शटरचे खरे वेग होते. कॅमेऱ्यावर १/५०० सेकंद कोरलेलं, मोजलेलं १/३५०. १/२५० च्या जागी १/२१०. १/१२५ पासून खाली सगळे वेग जागच्या जागी. इतकं लिहून दिलंत तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण शेजारी तुम्ही ‘एफ १६ ला’ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना) असा दुसरा रकाना आखला होता आणि त्यात १/५०० च्या समोर चक्क १/२५० लिहिलं होतं. हा रकाना आम्ही दुसऱ्या कुठल्याच दुरुस्तीच्या कागदावर पाहिलेला नाही.

कारण तुम्ही समजावलंत तेव्हा लगेच पटलं. पात्यांचं शटर मध्यातून उघडतं आणि मध्यातच मिटतं. एफ ३.५ ला लेन्स पूर्ण मोकळी व्हायला पाती टोकापर्यंत जावी लागतात, त्यात वेळ जातो. एफ १६ चं बारीक छिद्र मात्र पाती जराशी हलताच मोकळं होतं आणि झाकलं जातं अगदी शेवटी. म्हणजे सर्वांत वेगवान शटरला बारीक छिद्रातून प्रकाश हिशोबापेक्षा जास्त वेळ आत येतो. थकलेली स्प्रिंग आणि हे कारण मिळून एक पूर्ण स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. भर उन्हात ४०० ची फिल्म, एफ १६, १/५०० हा सगळ्यांना पाठ असलेला हिशोब या कॅमेऱ्यात एक स्टॉप जादा प्रकाश देतो. कृष्णधवल निगेटिव्ह तो सोसते, पण चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरचे पोपडे आणि कुंचल्याचे फराटे छापताना त्रास देतात. स्लाइड फिल्म असेल तर भिंत कोरी पांढरी होते, तिथे पाव-अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. म्हणून तुमच्याच सूचनेप्रमाणे दुपारी १/५०० ला एफ २२ ठेवलं, किंवा १०० ची फिल्म घालून १/१२५ वरच राहिलो.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरबद्दलचा तुमचा इशाराही तितकाच मोलाचा. हा कॅमेरा १९७० चा. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला, आणि ते सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो खरा, पण काटा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळवंडतो. तुम्ही श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल कडी घालून बसवून दिलात. त्याचा कागद सोलला की तो काही आठवड्यांतच उतरतो, म्हणून निघण्याच्या दिवशीच सोलायचा. आणि सेल ठीक असला तरी पांढरी भिंत मीटरला फसवतेच: भिंतीवर मोजलं तर एक ते दीड स्टॉप जास्त द्यायचा.

उजेड अडवणारा फोम बदललात, आरसा न घासता फक्त हवेने साफ केलात, वरच्या आणि खालच्या लेन्सचा फोकस एकमेकांशी जुळवलात. हे शेवटचं काम नसतं झालं तर काचेवर धारदार दिसलेली कमान फिल्मवर मऊ आली असती आणि आम्ही दोष लेन्सला दिला असता. अरुंद गल्लीत तर फोकसचा एकच आकडा पुरला: एफ १६ ला साडेसात मीटर, की सुमारे पावणेचार मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं स्पष्ट.

आता गर्दीची गोष्ट. अशा गावात सकाळच्या बस येण्याआधीचे दोन तास सोन्याचे. तिरपं ऊन दगडाच्या सांध्यांत शिरतं आणि चौक रिकामा असतो. त्यानंतर माणसं वगळून चौक टिपायचा तर एकच उपाय, लांब एक्स्पोजर. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी दागेरने पॅरिसचा रस्ता टिपला तेव्हा चालती माणसं उमटलीच नाहीत, बूट पॉलिश करून घेणारा तेवढा राहिला, तत्त्व तेच. एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म, एफ २२, मीटरप्रमाणे १/६०. दहा स्टॉपचा काळा फिल्टर लावला की हे १७ सेकंद होतात. पण इतक्या वेळात फिल्म मंदावते, म्हणून द्यायचे ३५ सेकंद. तुम्ही दिलेली स्क्रूची केबल रिलीज इथे कामी आली: शटर ‘बी’ वर उघडं अडकवायचं आणि कुणी फोटोसाठी चौकात उभं राहिलं की लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा. ते हलले की पुठ्ठा काढायचा, आणि उरलेले सेकंद पुढे मोजायचे. पुठ्ठा धरला नाही, तर उभा माणूस धूसर सावलीसारखा राहतो. फिल्टर लावल्यावरही वरच्या लेन्समधून सगळं लख्ख दिसतं, हे जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचं मोठं सुख. ट्रायपॉड मात्र गल्लीत नाही, चौकातच, आणि तोही परवानगी विचारूनच. ती लोकांची राहती घरं आहेत.

उंच दर्शनी भिंतींसाठी तुमचा सल्ला तंतोतंत पाळला. कॅमेरा वर न झुकवता सपाट ठेवला, मागे सरकलो, आणि चौकोनी निगेटिव्हमधली खालची फरशी छापताना कापली. भिंती सरळ उभ्या आहेत. रोल सावलीत भरला, भरताना अंगठ्याचा हलका दाब ठेवून घट्ट गुंडाळला, त्यामुळे कडांना कुठेही उजेड शिरलेला नाही. सेल्फ-टायमरला तुम्ही खाली दोन रेघा मारून मनाई केली होती. त्याला कुणी हात लावलेला नाही.

एक विनंती आहे. शेवटच्या दोन रोलना १ सेकंदाच्या वेगावर शटरची घरघर शेवटी किंचित रेंगाळल्यासारखी वाटते. तुम्ही म्हणाला होतात की जुनं वंगण हळू वेगाच्या दातेरी चाकांत पुन्हा उतरू शकतं. कॅमेरा घेऊन येतो आहोत, बरोबर तीच चिठ्ठी आणि एक कोरा पुठ्ठाही. नवे आकडे तुमच्याच अक्षरात हवे आहेत.

तुमचे ऋणी,
यशिकाचे आम्ही सगळे