साहेब, पोकलेनच्या आधी गिरमिट पाठवा

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: आमच्या शिवारात माती किती खोल उरलीय ते बांधाच्या कामाआधी गिरमिटानं (जमिनीत फिरवून भोक पाडायचं अवजार) मोजण्याबाबत

साहेब, नमस्कार.

मी करमाळा तालुक्यातला जिरायतदार. सीना नदीपासून वर माळाकडं आमची सात एकर जमीन आहे, तीही चार तुकड्यांत. सरकारी कागदावर चारही तुकडे सारखेच, जिरायत. पण सगळ्यात खालच्या तुकड्यात विहीर खांदली तेव्हा पुरुषभर काळी निघाली, आणि सगळ्यात वरच्या तुकड्यात नांगर घातला की फाळ मुरमावर खरखरतो, तो आवाज वडलांना अंगावर काटा आणायचा. दोन्हीत अंतर फार तर पाऊण किलोमीटर. माझं सगळं म्हणणं या पाऊण किलोमीटरबद्दलच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तो तुम्हाला माहितीच आहे, काठच्या लोकांच्या जमिनी अक्षरशः खरडून गेल्या, विहिरी गाळानं बुजल्या, ऊस आडवा. ऑक्टोबरमधे पॅकेज आलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि नरेगातून हेक्टरी ३ लाखापर्यंत. त्यात मला काही खोट काढायची नाही, ज्यांचं गेलं त्यांना मिळायलाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात आमच्या माळावरून जी माती गेली तिचा पंचनामा झाला नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी म्हणलं की वरची पट्टीपण बघा, तर तो बांधावरूनच म्हणला, "अहो तुमची तर तूर उभी आहे की, खरडलंय कुठं?" त्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्याच्या फॉर्ममधे खड्डा पडला तरच जमीन गेली. पापुद्र्यासारखी गेली तर गेली नाही.

आता पापुद्रा म्हणजे किती ते बघा. १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाचा हिशोब मांडला होता, वर्षाला हेक्टरी सरासरी १६ टनांच्या वर माती जागेवरून हलते, त्यातली साधारण १० टक्के धरणांत बसते, २९ टक्के समुद्राला मिळते आणि बाकीची इकडची तिकडं होते. म्हणजे एकराला साडेसहा टन, दोन ट्रॉल्या भरून. कुणी शेतातून दोन ट्रॉल्या माती चोरून नेली तर आपण पोलिसात जाऊ, पण ही जाते ते कळत नाही कारण एका एकरावर पसरली तर तिची जाडी सव्वा मिलिमीटर होते. वीस वर्षांत अडीच सेंटीमीटर, इंचभर. खालच्या काळीत इंच गेला तर काय फरक पडतो? काहीच नाही, उलट वरून नवीन येते. पण आमच्या वरच्या पट्टीत एकूण माती वीतभर, त्यातला इंच गेला म्हणजे घरातलं एक माणूस गेल्यासारखं आहे. म्हणून सरासरीवर माझा विश्वास नाही. एकाच गावात एकाचं इंच म्हणजे काही नाही आणि दुसऱ्याचं इंच म्हणजे पुढच्या पिढीचं पीक.

मग कुणाच्या शेतात माती किती खोल आहे याचा कागद शासनाकडं आहे का? मी शोधला. दोन वर्षं झाली शोधतोय, थोडं कॉम्प्युटरवर नकाशाचं सॉफ्टवेअर शिकलो, यूट्यूब बघून. नागपूरला अमरावती रोडवर केंद्राची मृदा सर्वेक्षणाची संस्था आहे, १९७६ पासूनची, त्यांनी अख्ख्या देशाचा मातीचा नकाशा केलाय आणि काम खरंच दर्जेदार आहे, पण आपल्या राज्याचा जो छापील नकाशा आहे त्यात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. आमचं सात एकर त्यात पेन्सिलच्या टोकाखाली झाकलं जातं. इंटरनेटवर जगाचा मातीचा नकाशा फुकट मिळतो, त्याचा एक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे पंधरा एकराच्या वर, आमच्या भावकीतले पाच खातेदार एका रंगात. उताराचा जो फुकटचा डेटा मिळतो तो ३० मीटरचा, त्यात बांध दिसतच नाही. हे नकाशे जिल्ह्याचं नियोजन करायला ठीक आहेत. बांध कुठं टाकायचा हे ठरवायला नाहीत, आणि तुमचं खातं तर बांधच टाकतं ना.

मातीची आरोग्य पत्रिका आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे, माझ्याकडं पण आहे. त्यात बारा गोष्टी आहेत, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. खत किती टाकायचं ते कळतं. पण माती किती खोल आहे, खाली मुरूम आहे का चुनखडी, उतार किती, पाणी मुरतं का वाहतं, यातलं एकही अक्षर नाही. शिवाय २०१५ ला योजना आली तेव्हा जिरायतीत १० हेक्टरला एक नमुना असा हिशोब होता, म्हणजे पंचवीस एकरात एक पिशवी, त्यात माझी माती होती का चुलत्याची ते देवालाच माहीत.

गंमत म्हणजे हे आपल्याकडं एकेकाळी मोजलेलं होतं. उजनीच्या पाण्यापलीकडं इंदापूर आहे ना, तिथं १८३५-३६ ला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज साहेबांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, मग १८४७ ला त्याचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात तीच पद्धत चालली. क्लासर, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा माणूस, शेतात जायचा, प्रत्येक सर्व्हे नंबरचे भाग पाडायचा, आणि प्रत्येक भागात माती किती हात खोल आहे ते बघायचा. पावणेदोन हात खोल काळी असेल तर सोळा आणे, तिथून उतरत उतरत शेवटची प्रत दोन आण्यावर. आणि नुसती खोली नाही, दोष पण मांडायचे, चुनखडीचे खडे आहेत, वाळू मिसळलेली आहे, जमीन उतरती आहे, पाण्याचा लोंढा वरून जातो, पाझर लागतो, प्रत्येक दोषाला वेगळी खूण आणि प्रत्येक दोषाला प्रत एक पायरी खाली. म्हणजे आज ज्याला धुपेचा धोका म्हणतात ते त्या माणसानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी पायी फिरून लिहून ठेवलं! त्यांनी काही आपल्या भल्यासाठी केलं नाही, सारा वसूल करायचा होता म्हणून केलं, ते सोडा. पण सातबाऱ्यावर आजही जो 'आकार' रुपये-पैशात छापून येतो तो याच प्रतवारीतून आलेला आहे, आणि कितीतरी ठिकाणी भूमी अभिलेखच्या कपाटात प्रतिबुकं, म्हणजे या प्रतवारीच्या वह्या, अजून आहेत, टिपण आणि गुणाकार बुक या मोजणीच्या जुन्या कागदांशेजारी. आकार राहिला, त्याच्यामागची माती विसरली.

ही प्रतिबुकं काढून आज तिथंच परत गिरमिट मारलं तर त्या वेळचे दीड हात आज किती राहिले ते थेट कळेल. असा जुना हिशोब फार कमी ठिकाणी असेल. आपण मात्र त्याचा उपयोग वाटणीच्या भांडणात करतो.

आता बांधाचं सांगतो, कारण इथं पैसा वाया गेलेला मी डोळ्यानं पाहिलाय. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका योजनेतून बांधबंदिस्ती झाली (योजनेचं आणि ऑफिसचं नाव लिहीत नाही, माणसं बदललीत आता). वरपासून खालपर्यंत एकच डिझाईन, एकच उंची, मशीन आलं आणि आठ दिवसांत काम संपवून गेलं. माळावर मुरमाडीत ते बांध अजून उभे आहेत, मस्त काम करतात, पाणी अडतं आणि मुरतं. खाली काळीत काय झालं? काळीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जातो, त्या भेगा बांधातून पण गेल्या. पहिल्या पावसात भेगा मिटल्या की काळी फुगते आणि पाणी मुरायचं जवळजवळ थांबतं, मग बांधामागं तळं साचलं, ज्याच्या शेतात साचलं त्यानं रात्रीत टिकाव मारून वाट करून दिली, आणि एवढं सगळं पाणी एका जागेवरून सुटल्यावर खाली जी वगळ (घळ) पडली ती आता माणूसभर खोल आहे. धूप थांबवायला टाकलेल्या बांधानं वगळ पाडली. भारी जमिनीत असा आडवा अडवणारा बांध चालत नाही, तिथं थोडा ढाळ देऊन पाणी सावकाश बाहेर काढावं लागतं, हे कृषी विद्यापीठाच्या कुठल्याही पुस्तकात आहे, सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात तर कितीतरी वर्षं यावरच काम चाललंय. तुमच्या माणसांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडं काळी कुठं संपते आणि मुरमाड कुठं सुरू होते याचा नकाशा नव्हता, इस्टिमेट गट नंबरवर होतं.

धुपेचं गणित जगभर बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीनं करतात, पाच गोष्टींचा गुणाकार. पाऊस किती जोरात पडतो, माती किती सुटते, उतार किती तीव्र आणि किती लांब, जमिनीवर झाकण काय आहे, आणि बांधबिंध काय केलंय. आता हे बघा, यातलं बरंचसं तुमच्या सरकारकडं वेगवेगळ्या कपाटात पडलेलं आहे, नाहीतर सहज मिळालं असतं. पाऊस? मंडळामंडळात महावेधची हवामान मोजायची यंत्रं बसलीत, पण आपण त्यातून बघतो काय, तर २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला का नाही, कारण त्यावर अतिवृष्टी ठरते. दिवसभर भुरभुर पडून ६५ झाला तर माती जागची हलत नाही, आणि तासाभरात ४५ पडला तर माळ धुऊन निघतो, पण तो अतिवृष्टीत बसत नाही. झाकण? २०२१ पासून आम्ही स्वतः शेतात उभं राहून ई-पीक पाहणीत फोटो टाकतोय, कुठल्या गटात काय उभं आहे ते तुम्हाला घरबसल्या कळतं. आमच्याकडं रब्बी ज्वारीची काळी रानं ऐन पावसाळ्यात उघडी असतात, चिखलात पाय ठरत नाही आणि ओल ज्वारीला राखायची असते, म्हणजे पाऊस सगळ्यात जोराचा तेव्हाच जमीन नागडी. उतार? स्वामित्व योजनेत ड्रोन आलं, गावठाणावर फिरलं, घरांचे नकाशे केले आणि शिवाराच्या हद्दीवरून परत गेलं. दोन बॅटऱ्या जास्त लागल्या असत्या.

राहिली खोली, ती त्या पाचांत नाही, पण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच आहे. ती आकाशातून दिसत नाही, तिथं खालीच उतरावं लागतं. पण तिथंपण, २०१६ पासून मागेल त्याला शेततळं दिलं, किती खड्डे खांदले गेले असतील राज्यात? प्रत्येक खड्डा म्हणजे मातीची उघडी भिंत, वर काळी, मग भुरकी, मग चुनखडी, मग मुरूम, टेप लावून फोटो काढायला पाच मिनिटं. आम्ही फोटो काढले ते खड्ड्याची लांबी-रुंदी दाखवायला, बिलासाठी. माती किती ते कुणी लिहिलं नाही, आणि मग त्यावर प्लास्टिक अंथरलं. जेसीबीवाल्याला विचारा, कुठल्या वस्तीवर किती फुटाला मुरूम लागतो ते तो झोपेत सांगेल.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवारबद्दल एकच सांगतो. चांगली योजना, मी स्वतः बारा ट्रॉल्या आणल्या. पण तो गाळ ज्या शेतांतून आला ती शेतं कुठली हे माहीत नसताना तलाव परत परत उपसणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण खाली बादली बदलतोय.

तर मागणी काय. तालुक्यात एक छोटा पाणलोट घ्या, फक्त एक, आणि त्याचा १:१०,००० चा नकाशा करा, म्हणजे नकाशावरचा मिलिमीटर जमिनीवर १० मीटर. गावातलीच चार शिकलेली पोरं-पोरी घ्या, त्यांना गिरमिट, टेप आणि मोबाईल द्या, प्रत्येक गटात दोन-तीन ठिकाणी खोली घेऊ द्या. शिवारफेरीला म्हाताऱ्या माणसांना पुढं घाला, कारण बरड, चोपण, लवण, मळई ही जी नावं आहेत ती नुसती नावं नाहीत, कुठं पाणी साचतं आणि कुठं पळतं ते त्यात आलं. आमच्या वरच्या पट्टीला आजी खडकाळी म्हणायची, तिला नागपूरच्या नकाशाची गरज नव्हती. आणि तो नकाशा झाल्याशिवाय त्या पाणलोटात मातीकामाच्या एकाही इस्टिमेटला मंजुरी देऊ नका. एवढं एक जरी केलंत तरी पुष्कळ.

एक भीती पण लिहून ठेवतो, पारावर हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. "खोली कागदावर आली की बँकवाला म्हणेल जमीन हलकी आहे, कर्ज कमी. पोरीच्या लग्नात सोयरा म्हणेल मुरूमवाले आहेत." हसण्यावारी नेऊ नका, शंभर टक्के असंच होईल. म्हणून ही माहिती सातबाऱ्यावर छापू नका, वेगळ्या पत्रकावर ठेवा, खातेदाराला आणि तुमच्या इंजिनिअरला दिसेल अशी, कर्ज आणि विम्याला वापरता येणार नाही असं जीआरमधे स्पष्ट लिहा. नाहीतर लोक गिरमिट मारू देणार नाहीत.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. २०२५ च्या जूनमधे वरच्या पट्टीत आठ सळया ठोकल्या, प्रत्येक सळई जमिनीवर बरोबर दहा सेंटीमीटर ठेवून. खालच्या काळीत नाही ठोकल्या, तिथं माती फुगते-बसते त्यामुळं माप फसवं येतं. दिवाळीला बघितलं तर उताराच्या वरच्या अंगाच्या तीन सळया बोटभर जास्त उघड्या पडल्या होत्या, खालच्या दोन थोड्या बुजल्या होत्या. एका वर्षावरून काही ठरत नाही हे मला कळतं, म्हणून तशाच ठेवल्यात, कोळपताना फक्त सांभाळावं लागतं. तुमच्या खात्यातलं कुणी येणार असेल तर ज्वारी निघाल्यावर या, मार्चमधे, तेव्हा रान मोकळं असतं. गिरमिट नसेल तर आमच्याकडं आहे, बार्शीच्या लोहाराकडून करून घेतलंय, चार फुटाचं.

आपला,
करमाळा तालुक्यातला एक शेतकरी