आईच्या मागून स्टूल घेऊन चालणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर माझ्याकडे आहे, फोनही करता आला असता. पण फोनवर तुम्ही "असू द्या ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहायला बसले, आणि चार लोकांनी वाचावं असं लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेल.

गेल्या वर्षी भाऊबीज उरकून आम्ही मायलेकी एका यात्रा कंपनीच्या बसने लातूरहून सौराष्ट्राला गेलो होतो. परळी, औंढा, घृष्णेश्वर ही आपल्याकडची तिन्ही ज्योतिर्लिंगं आईची झालेली. सोमनाथ बघायचाच होता, पण तिचा जीव अडकला होता तो भावनगरजवळच्या कोळियाकच्या निष्कलंक महादेवात. कीर्तनात ऐकलेलं तिनं. युद्धानंतर पांडवांना आपल्याच माणसांना मारल्याचं पातक लागलं. कृष्णाने त्यांना काळी गाय आणि काळा ध्वज दिला आणि सांगितलं, दोन्ही जिथं पांढरी होतील तिथं तुम्ही सुटलात. ती कोळियाकला पांढरी झाली. पाच भावांच्या पाच पिंडी तिथं समुद्रात आहेत आणि ओहोटी लागली की समुद्र मागं सरून वाट देतो. आईने जाताना घरून नारळ नेला होता.

बस तिथं पोचली अकराच्या सुमाराला. समोर सगळं पाणी. लांबवर पाण्यातून वर आलेला खांब आणि त्यावर एक ध्वज, बाकी काही नाही. बरोबरचा माणूस म्हणाला, "इथूनच हात जोडा, पावतो देव." वीस मिनिटांत बस हलली. आई काही बोलली नाही. नारळ तिने तसाच पिशवीत घालून परत आणला आणि देवघरात कोपऱ्यात ठेवला. घरी आल्यावर मी कंपनीत विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, समुद्र काय आमच्या हातात असतो का?" नसतो, मान्य. पण पंचांग तर हातात होतं! तिथी आणि वेळ न बघता चाळीस म्हाताऱ्या माणसांना त्यांनी इतक्या लांब नेलं आणि सहलीच्या जाहिरात-पत्रिकेत मात्र 'समुद्रातले दर्शन' छापलं, याचा राग मला अजूनही आहे.

यंदा दिवाळीनंतर तुमची भाड्याची गाडी विचारायला मी तुम्हाला फोन केला तेव्हा घरात कुणाचीच संमती नव्हती. भाऊ म्हणाला, परत एवढा खर्च कशाला, पुन्हा ध्वजच बघून याल. मलाही खात्री नव्हती. मी तुम्हाला फक्त भाडं विचारलं होतं. तुम्ही भाडं सांगितलंच नाही, आधी विचारलंत, "माईचे गुडघे कसे आहेत?" आणि मग, "कधी जायचं म्हणता?"

माझी रजा बसत होती ती अष्टमीच्या आसपास. तुमचे शब्द मला तसेच्या तसे आठवतात. "ताई, पैसे घ्यायचे तर आजच घेतो. पण अष्टमीला नेऊन माईला दाखवू काय? त्या टायमाला पाणी नीट चढतही नाही आन् नीट उतरतही नाही. वाट पुरती उघडी पडंल याचा भरवसा नाही. पुनवेला चला." आणि पुढं हेही म्हणालात, "देऊळ म्हणून बघायचं असंल तर तिथं काही नाही. कळस नाही, गाभारा नाही. उघडा कट्टा, पाच पिंडी, त्यांच्यापुढं नंदी, आन् जाता-येता चिखल. समुद्र हलताना बघायचा असंल, अन् अख्खा दिवस त्याच्यासाठी मोकळा ठेवणार असाल, तरच जावा. घाई असंल तर पैसे घालवू नका."

माझा निर्णय त्या फोनवरच झाला. गिऱ्हाईक तोडायला निघालेला माणूस खोटं कशाला बोलेल? ती पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती. त्या दिवशी गाणगापूरच्या फेऱ्यांना तुमच्या गाडीला मागणी असते, हे मला फार नंतर कळलं. तुम्ही ते आमच्याजवळ काढलंही नाहीत.

प्रवासाचं फार लिहीत नाही. सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला गाडीसकट बोटीने गेलो, त्यामुळे आईची कंबर वाचली. बोटीच्या कठड्याशी उभं राहून तुम्ही तिला भरतीचं गणित सांगत होतात ते मी मागं बसून ऐकत होते. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. "माई, रुंद पाटाचं पाणी अरुंद चारीत घातलं की कसं वर चढतं, तसं." अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. भावनगरला उधाणाचा चढउतार दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. त्याच भरतीवर अलंगला मोडीत काढायची जहाजं किनाऱ्यावर चढवतात. आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. आईने विचारलं, "मग एवढं पाणी जातं कुठं?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चंद्र वढून नेतो, माई, आन् परत आणून देतो." २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली बाई आहे ती. पाणी जातं आणि न चुकता दिवसातून दोनदा परत येतं, यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

सकाळी सातला किनाऱ्यावर पोचलो, तर पुन्हा तेच. पाणी आणि ध्वज. आईचा चेहरा उतरला. तुम्ही नारळाच्या गाड्यावरच्या माणसाशी बोलून आलात (आदल्या दिवशीच त्याला फोन करून वेळ विचारून ठेवली होतीत), चहा आणून दिलात आणि म्हणालात, "आता नुसतं बघत बसा." आम्ही बघत बसलो. आधी खांबाचा बुडखा दिसला, मग कट्ट्याची कड, मग काळा ओला चिखल चमकायला लागला आणि त्यातून वाट. तुम्ही उठा म्हणेपर्यंत आम्ही उठलो नाही.

आता ज्यासाठी हे पत्र. साधारण एक किलोमीटर चालायचं होतं, पायाखाली शेवाळं. माझा हात आईच्या दंडाला. थोड्या वेळाने मागं वळून बघितलं तर तुम्ही चहाच्या टपरीवरचं निळं प्लॅस्टिकचं स्टूल उलटं करून डोक्यावर घेतलेलं, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आईचा श्वास वाढला की तुम्ही स्टूल तिच्या मागं टेकवायचात आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून समुद्र बघत उभे राहायचात. "बसा" असं एकदाही म्हणाला नाहीत. माझ्या आईला कुणी "थकलात का" विचारलेलं आवडत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ती आपली आपण बसायची, आपली आपण उठायची. जाताना सहा वेळा, येताना नऊ वेळा. मी मोजलं.

कट्ट्यावरच्या कुंडात तिने हातपाय धुतले, पाचही पिंडींना हात लावला आणि पिशवीतून गेल्या वर्षीचाच नारळ काढला. तो आतून सुटून खुळखुळ वाजत होता. मी म्हटलं, नवा घेऊ. नको म्हणाली, हाच त्याचा आहे. तुम्ही घड्याळ न बघता पाणी बघत होतात. "माई, वळलं बरं का," एवढंच म्हणालात, आणि आम्ही निघालो.

परत आल्यावर तुम्ही ते स्टूल नळाखाली धरून चारही पाय चोळून धुतलेत आणि मगच टपरीवाल्याला दिलंत. सांगितलेल्या भाड्यावर एक रुपया जास्त घेतला नाहीत. मी देऊ केला तेव्हा जरा रागावलातच. तिथी न बघता बस सोडणारीही माणसंच आणि दुसऱ्याचं स्टूल धुऊन देणारीही. आपल्या भागात तुमच्यासारखी माणसं आहेत, अजूनही पुष्कळ आहेत, फक्त ती पत्रिका छापत नाहीत.

आई आता रोज सकाळी कॅलेंडरात तिथी बघते आणि मला सांगते, आज वाट उघडी असंल, आज नसंल.

औशाच्या मावशीलाही यायचंय. तिच्याही गुडघ्याचं बघायला लागेल. तारीख आम्ही ठरवत नाही, तुम्ही सांगा, मी रजा काढते.

तुमच्या गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी बसलेल्या माईची लेक,
लातूर