सत्य गुन्हेकथेला रहस्यकथेची फूटपट्टी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रहस्यकथांवर पोसलेला वाचक खऱ्या खटल्यावरचे पुस्तक हाती घेतो आणि बरेचदा हिरमुसतो. हेतू पटत नाही, धागे लोंबकळत राहतात, शेवट शेवटासारखा वाटत नाही. यात पुस्तकाचा दोष असतोच असे नाही. कादंबरीत टेबलावरचा चष्मा पुढे कामाला येतोच. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मात्र अशा कितीतरी वस्तू नोंदल्या जातात, ज्यांचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नसतो.

मोठी फसगत होते ती कबुलीजबाबाची. कथेत आरोपी इन्स्पेक्टरसमोर कोसळला की प्रकरण मिटले. प्रत्यक्षात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. कोठडीत त्याने दिलेल्या माहितीवरून कोयता किंवा कपडे सापडले, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला मजकूर तेवढा न्यायालयात चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ ते २७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. तेव्हा कबुलीपाशी थांबणारे पुस्तक अर्धवटच समजावे. पंच साक्षीत फिरले का, जप्त वस्तूंची सीलं प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत शाबूत होती का, हे त्यात हवेच. अनेक खटले नेमके इथे ढासळतात.

१९५९ चे नानावटी प्रकरण पाहा. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून मारल्याचा आरोप होता. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता आणि ज्यूरीने (निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. पण नुकत्याच आंघोळ केलेल्या मृताच्या अंगावरचा टॉवेल जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर तो सुटला नसता का? उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली. असा टॉवेल सुचावा म्हणून कादंबरीकार जन्मभर धडपडतात!

लेखकाकडून मात्र हिशेब चोख घ्यावा. बंद खोलीत दोघेच होते, एक मेला आणि दुसऱ्याने तोंड उघडले नाही, तर पानभर संवाद आले कुठून? उतारा न्यायालयातल्या साक्षीतला आहे की पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबातला? साक्ष शपथेवर असते, तिची उलटतपासणी होते. पोलिसांकडचा जबाब मुख्यतः साक्षीतली विसंगती दाखवण्यापुरता वापरता येतो. हा फरक न सांगणारे पुस्तक कितीही रंगलेले असो, मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यातली माणसे खरी आहेत, त्यांचे नातेवाईक आजही आपल्यात राहतात.

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या आपल्या नाशिकमधल्या वाचक मंडळांनी अशा पुस्तकावर चर्चा ठेवताना निकालाची प्रतही सोबत ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. आपल्या पुस्तक परीक्षणांतही कथानकासोबत लेखकाने कोणती कागदपत्रे पाहिली, याची एक ओळ यावी, ही विनंती.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक