नानांच्या व्हायोलिनला पॉलिश करू नकोस

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय शरद,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. नानांचं व्हायोलिन माळ्यावरून खाली काढलंस, नातीला शिकवायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण ओळखीच्या फर्निचर पॉलिशवाल्याकडून ते ‘नव्यासारखं’ करून घ्यायचा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो. ते करू नकोस. घासकागद तर त्याच्या जवळही येऊ देऊ नकोस. ‘कडेची नक्षी थोडी पुसट झाली तर काय बिघडलं’ असं तू लिहिलं आहेस. त्या नक्षीबद्दलच मला तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

पहिला फोटो समोर घे. वरच्या फळीच्या कडेने, काठापासून चारेक मिलीमीटर आत, एक बारीक रेघ सगळीकडे फिरली आहे. तिला पर्फलिंग म्हणतात. चांगल्या वाद्यात ती रंगाने ओढलेली नसते, लाकडात बसवलेली असते. फळीत साधारण दोन मिलीमीटर खोल खाच कोरायची, काळी-पांढरी-काळी अशा तीन पट्ट्या एकमेकींना जोडून वाकवायच्या आणि त्या खाचेत सरसाने बसवायच्या. तिन्ही मिळून रुंदी जेमतेम सव्वा मिलीमीटर! इटलीतल्या क्रेमोना गावचे जुने कारागीर काळ्या पट्टीसाठी रंगवलेलं पेअरचं लाकूड वापरत आणि पांढरीसाठी पॉप्लरचं. हॉलंडमधले काही कारागीर काळ्या पट्टीसाठी व्हेलच्या तोंडातली बलीन नावाची लवचिक पट्टी वापरत.

एवढा खटाटोप कशासाठी? वरची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते, तीनेक मिलीमीटर जाडीची, आणि तिच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ जातात. काठाला कुठे धक्का लागला तर चीर त्या रेषेने थेट मध्यापर्यंत धावते. पर्फलिंग तिच्या वाटेत आडवं येतं. लुगड्याचा काठ जसा कापडाला उसवू देत नाही, तसं. इथे पेठेत व्हायोलिन दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांच्या बाकावर मी खालच्या कडेला ठोकर बसलेलं एक वाद्य पाहिलं. काठाचा टवका उडाला होता, चीर आत निघाली होती आणि त्या काळ्या रेघेशी येऊन थांबली होती. त्या दिवसापासून मी त्या रेघेला नुसती शोभा म्हणू शकलो नाही.

स्वस्त कारखानी वाद्यांत मात्र ही रेघ नुसती शाईने ओढलेली असते. नानांच्या व्हायोलिनची पारख तुला घरीच करता येईल. खाली डावीकडे काठ थोडा खरवडला गेला आहे ना, तिथे भिंग धर. रेघ लाकडात खोलवर उतरलेली दिसली तर ती बसवलेली आहे. फोटोवरून मला तसंच वाटतंय. आता विचार कर, दोन मिलीमीटर खोलीची ती खाच आणि तिच्यावर फिरणारा घासकागद!

फळीचा काठ बाजूच्या पट्ट्यांच्या दोनअडीच मिलीमीटर बाहेर येतो, तोही उगाच नाही. ठेच आधी काठ सोसतो, बाजूच्या पट्ट्या वाचतात. शिवाय वाद्य उघडायची वेळ आली की कारागिराची सुरी तिथूनच आत शिरते. सरस मुद्दाम असा वापरतात की जास्त ताण आला तर जोड सुटावा, लाकूड फाटू नये. तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात हे किती मोलाचं आहे, ते तुला सांगायला नको.

आता ती दोन एफच्या आकाराची भोकं. फार पूर्वीच्या तंतुवाद्यांना गोल भोकं असत, मग अर्धगोल आली, मग इंग्रजी सी अक्षरासारखी, आणि शेवटी ही. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस माक्रिस आणि त्यांचे सहकारी यांनी 2015 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भोकातून हवा आतबाहेर होते तेव्हा ती मध्यापेक्षा कडेजवळ जोरात वाहते. त्यामुळे खालच्या स्वरांचं बळ भोकाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या कडेच्या लांबीवर जास्त अवलंबून असतं. लांब, निमुळतं, दोन्ही टोकांना वळलेलं भोक थोड्या जागेत भरपूर कड देतं. म्हणजे डोळ्यांना जे वळण सुंदर दिसतं, तेच आवाजालाही मानवतं. मला यात फार मोठं समाधान आहे, शरद. कुणी गणित मांडून हे केलं नव्हतं. पिढ्यानपिढ्या एकाच्या नमुन्यावरून दुसऱ्याने कापलं, थोडं बदललं, जे चांगलं वाजलं ते पुढे गेलं.

त्या भोकांच्या मध्यावर छोट्या खाचा आहेत. आतल्या बाजूच्या दोन खाचा जोडणारी रेघ मनात ओढ, तारा पेलणारी घोडी त्या रेघेवर उभी राहायला हवी. वरच्या कडेपासून ते अंतर पूर्ण मापाच्या वाद्यात साधारण 195 मिलीमीटर भरतं. तुझ्या फोटोत घोडी बरीच खाली सरकलेली आहे.

काही गोष्टी मात्र खरोखरच फक्त सौंदर्यासाठी आहेत. कोपऱ्यात पर्फलिंगच्या दोन रेघा मिळतात तिथे काळं टोक जरासं पुढे काढून कोपऱ्याकडे वळवतात, मधमाशीच्या नांगीसारखं. त्याने आवाजात काही फरक पडत नाही. पण कारागिराचा हात ओळखायचा तर जाणकार आधी तिथेच पाहतात.

आणि डोक्यावरची ती गुंडाळी, स्क्रोल. खुंट्यांची पेटी हवीच, पण तिच्या टोकाला गुंडाळीच हवी असं नाही. ऑस्ट्रियातल्या आब्साम गावचा कारागीर याकोब श्टायनर तिथे सिंहाची डोकी कोरायचा, व्हिओल जातीच्या जुन्या तंतुवाद्यांवर बायकांचे चेहरेही सापडतात. क्रेमोनाचा नामांकित कारागीर आन्तोनियो स्त्रादिवारी गुंडाळीच्या कडांवर काळी रेघ द्यायचा, म्हणजे वळण लांबूनही उठून दिसावं. हाताळणीने ती बहुतेक वाद्यांवरून पुसली गेली. 1716 सालचं त्याचं ‘मसाया’ नावाचं व्हायोलिन फारसं वाजवलं गेलं नाही, म्हणून तिथे ती अजून स्पष्ट दिसते. ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

युरोपात उभ्याने किंवा खुर्चीवर बसून वाजवतात, तिथे ही गुंडाळी हवेतच असते. आपल्याकडे वाद्य मांडी घालून बसणाऱ्याच्या हाती आलं आणि तिला काम मिळालं. सवाईला आपण रात्ररात्र बसायचो तेव्हा एन. राजम यांचं व्हायोलिन पाहिलेलं आठवतं ना? गुंडाळी उजव्या पावलाशी टेकलेली. वाद्य असं पक्कं टेकलं की डावा हात ते धरून ठेवण्यातून मोकळा होतो आणि तारेवरून लांब मींड घेऊ शकतो. गायकी अंगाने वाजवायचं तर हे हवंच. नानाही तसेच बसायचे. तुझ्या तिसऱ्या फोटोत गुंडाळीच्या एका बाजूचं वॉर्निश पार उडालं आहे, आणि त्याला तू ‘डाग’ म्हणतो आहेस. अरे, ती नानांच्या पावलाची जागा आहे. चाळीसएक वर्षांच्या रियाजाने झालेली. ती पॉलिशखाली गाडायची का?

राजेरजवाड्यांची हौस वेगळी. क्रेमोनाच्या आन्द्रेआ आमातीने फ्रान्सच्या नवव्या चार्ल्ससाठी केलेल्या वाद्यांच्या पाठीवर सोनेरी राजचिन्हं रंगवली आहेत. त्यातलं 1564 चं एक व्हायोलिनही अ‍ॅशमोलियनमध्येच आहे. ती नक्षी आवाजासाठी नव्हती, वाद्य कुणाचं आहे ते दरबाराला दिसावं म्हणून होती. स्त्रादिवारीनेही थोडी वाद्यं अशी सजवली. 1679 चं ‘हेलियर’ त्यातलंच. कडेने दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये काळ्या लुकणात बसवलेले हस्तिदंताचे शंकरपाळ्यासारखे चौकोन आणि ठिपके, बाजूच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी. काम अप्रतिम आहे. तरी खरं सांगू? मला त्याच्या साध्या वाद्यांची ती एकच रेघ जास्त भावते. तिच्यात लपवायला जागा नाही, हात जरा चुकला की दिसलंच. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यातही मला तेच दिसतं. दांडी जिथे भोपळ्याला मिळते त्या जोडावर कोरलेली पानं बसवतात. जिथे सांधा, तिथेच नक्षी.

आतल्या चिठ्ठीवर स्त्रादिवारीचं नाव आहे, त्याने मात्र हुरळून जाऊ नकोस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन आणि आसपासच्या गावांतून अशी वाद्यं जगभर गेली, नमुना त्याचा म्हणून चिठ्ठीवर नाव त्याचं. नानांचं बहुधा त्यातलंच. पण रेघ खरी असेल तर ते मनापासून केलेलं वाद्य आहे.

आता काय करायचं ते सांगतो. कोरड्या मऊ सुती कापडाने राळेची पांढरी पूड पुसून घे, बस्स. स्पिरिट लावू नकोस, वॉर्निश विरघळेल. तारा थोड्या सैल कर, पण सगळ्या एकदम काढू नकोस. घोडी पडेल आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमध्ये उभा असलेला लाकडी खांब, कलंडेल. नात आठ वर्षांची आहे, तिला आधी अर्ध्या मापाचं व्हायोलिन लागेल, त्यामुळे नानांच्या वाद्याची घाई नाहीच. दिवाळीला याल तेव्हा पेटीसकट घेऊन ये, आपण दोघं त्या पेठेतल्या गृहस्थांकडे जाऊ. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो. आणि भिंगाखाली काय दिसलं ते लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, नातीला खूप आशीर्वाद.

तुझा,
माधव