उन्हाळी वैरणीचं काय करायचं

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मका लावू की कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, असं विचारलंयस. मी म्हणेन, आधी विहिरीत डोकाव, बियाण्याचं मग बघू. उन्हाळ्यात वैरणीचं पीक पाणीच ठरवतं.

मक्यासारखी गोडीची वैरण नाही, जनावर गव्हाण चाटूनपुसून साफ करतं. पण मका एकदा कापला की संपला, पुन्हा फुटत नाही. त्यातून तुरा यायच्या वेळी पाणी कमी पडलं तर वाढ खुंटलीच समज. म्हणून पाण्याची शेवटची पाळी नक्की मिळेल तेवढ्याच रानात मका धर. आफ्रिकन टॉल हे वाण घेणार असशील तर हेक्टरी 75 किलो बी लागतं. मक्याच्या ओळींमध्ये चवळी टाक. नुसती चवळी पाणचट लागते, पण मिसळून दिली की प्रथिनं मिळतात.

पाणी कमी पडणाऱ्या तुकड्यात कडवळ किंवा बाजरी. बहुकापणीचं वाण असेल तर खाली वीतभर बुडखा ठेवून काप, नाहीतर फुटवे धड येत नाहीत.

आता किरळीचं, म्हणजे कोवळ्या कडवळाच्या विषबाधेचं. हे नीट वाच. कडवळ कोवळं असताना, विशेषतः गुडघ्याएवढं असताना, त्यात एक द्रव्य असतं, त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, लडखडतं, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर दारात पोचायच्या आत आडवं होतं. पाण्याचा ताण बसलेलं, सुकत चाललेलं पीक आणि कापणीनंतरचे नवे फुटवे तितकेच घातक. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कापलंस तर धोका बराच कमी होतो. बांधावरून सुटलेली कालवड कडवळात शिरणार नाही एवढं मात्र बघ, घात बहुतेक वेळा असाच होतो.

बाजरीला किरळीची भीती नाही. तरी युरिया भरपूर दिला आणि वर पाण्याचा ताण बसला, की तिच्यातही जनावराला घातक असं नायट्रेट साठतं, तेही खोडाच्या बुंध्याकडे जास्त. अशा वेळी थोडं उंचावरून कापावं. वाळवलं की कडवळातलं आम्ल बरंचसं उडून जातं, नायट्रेट मात्र वाळवूनही तसंच राहतं. लोक या दोन्हीत गल्लत करतात.

मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण, करायचा विचार असेल तर दाणा चिकातून पिठाळ व्हायला लागला की काप. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे केलेली वैरण, मुठीत घट्ट दाबून बघ: पाणी टपकलं तर अजून ओली आहे, मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर बरोबर. मग दाबून दाबून भर. आत हवा राहिली की बुरशी आलीच.

साधारण 400 किलोच्या गाईला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवी वैरण आणि जोडीला 5-6 किलो कोरडी पुरते. सगळं रान एकदम पेरू नकोस. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तुकडे पेर, म्हणजे कोवळं कापायची घाई होत नाही. आणि नवी वैरण एकदम भरपेट घालू नकोस, आठवडाभर कडब्यात मिसळून वाढवत ने.

मोटार सध्या किती तास चालते नि पाणी किती दिवसांत भरून येतं, तेवढं उलट टपाली कळव. मग मका किती गुंठे धरायचा ते ठरवू.

तुझा,
वसंता