डांबराच्या तक्त्यात एक शून्य जास्त

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात उखडणाऱ्या रस्त्यांवरच्या आपल्या लेखाबरोबर डांबराच्या प्रतींचा तक्ता छापला होता. कंत्राटदाराला चार शिव्या घालून न थांबता लेख डांबराच्या कसोट्यांपर्यंत गेला, हे आवडले. पण तक्त्यातल्या दोन रकान्यांची एकके चुकली आहेत, आणि त्यामुळे व्हीजी-३० (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड) या प्रतीचे डांबर भलतेच काहीतरी दिसते.

पहिला रकाना ६० अंश सेल्सिअसवरच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे डांबर वाहायला किती विरोध करते याचा. तिथे व्हीजी-३० साठी ‘किमान २४०० पास्कल-सेकंद’ असे आहे. डांबराच्या भारतीय मानक ७३ मध्ये २४०० हा आकडा आहे खरा, पण पॉईजमध्ये. १० पॉईज म्हणजे १ पास्कल-सेकंद, तेव्हा मर्यादा २४० पास्कल-सेकंदांची झाली. पॉईज हे जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतले एकक आहे. त्यात बल डाइनमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. एका न्यूटनमध्ये १ लाख डाइन आणि एका चौरस मीटरमध्ये १० हजार चौरस सेंटिमीटर, म्हणून भागाकारात १० उरतात. एवढे ध्यानात असले की सूत्र पाठ करावे लागत नाही. सेंटिपॉईज आणि मिलिपास्कल-सेकंद यांच्यात तर काहीच करावे लागत नाही, दोन्ही तंतोतंत एकच आहेत. २० अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण १ सेंटिपॉईज असते. व्हीजी-३० ची ६० अंशांवरची किमान व्हिस्कॉसिटी त्याच्या सुमारे २ लाख ४० हजार पट आहे.

खरे तर ही चूक पकडायला मानक उघडायचीही गरज नव्हती. प्रतीचे नावच पॉईजवर बेतलेले आहे: ३० म्हणजे ३० शेकडे, ३००० पॉईज. त्याच्या वीस टक्के खाली २४००, वीस टक्के वर ३६००. व्हीजी-१० चे ८०० ते १२००, व्हीजी-४० चे ३२०० ते ४८००, हिशोब सगळीकडे तोच. (३४०० पॉईजचा नमुना या एका कसोटीवर व्हीजी-३० मध्येही बसतो आणि व्हीजी-४० मध्येही, हे जाता जाता.) २००६ साली ही प्रतवारी आली. त्याआधीची ‘साठ-सत्तर’, ‘ऐंशी-शंभर’ ही नावे साईटवर अजून ऐकू येतात. ते आकडे सुईच्या कसोटीचे: २५ अंशांच्या डांबरात १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत किती शिरली, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचे. साठ-सत्तरच्या जागी ढोबळमानाने व्हीजी-३० आले, पण सुईच्या आकड्याला कशाने गुणले की पॉईज मिळतील, असे विचारण्यात अर्थ नाही. ते मोजमापच वेगळे.

दुसऱ्या रकान्यातली चूक अधिक वाईट आहे. १३५ अंशांवर ‘किमान ३५० पॉईज’ छापले आहे. मानकात ते ३५० सेंटिस्टोक आहेत, आणि सेंटिस्टोक हे डायनॅमिक व्हिस्कॉसिटीचे (पॉईजमध्ये मोजतात ती) एककच नव्हे. ६० अंशांच्या कसोटीत डांबर ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या निर्वाताने नळीत वर ओढले जाते. १३५ अंशांवर ते स्वतःच्या वजनाने वाहते, म्हणून त्या आकड्यात घनता मुरलेली असते. ती कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. तिच्यावरून डायनॅमिक काढायची तर सेंटिस्टोकला त्याच तापमानाच्या घनतेने, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, गुणायचे. म्हणजे सेंटिपॉईज येतात. १३५ अंशांवर डांबराची घनता ०.९५ च्या आसपास असते. ३५० गुणिले ०.९५ म्हणजे सुमारे ३३० सेंटिपॉईज, अर्थात ३.३ पॉईज किंवा ०.३३ पास्कल-सेकंद. तक्त्यातला आकडा यापेक्षा शंभरपटीहून मोठा आहे.

यावर एवढे लिहायचे कारण असे, की तक्ता जसा छापला आहे तसा वाचला, तर ६० वरून १३५ अंशांवर नेल्याने डांबर जेमतेम सत्तरपट पातळ होते असे वाटेल. प्रत्यक्षात किमान आकडेच धरले तरी हा फरक सातशेपटीच्या घरात जातो. लेखाचा मुद्दा तर हाच होता! वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकून किंवा पावसाच्या सरीत निवलेला माल रोलरखाली का दबत नाही, याचे उत्तर त्या दोन रकान्यांत होते, ते एककांनी पुसून टाकले.

शेवटी एक विनंती. अलीकडे माहिती अधिकारात रस्त्यांच्या चाचणी अहवालांच्या प्रती मागवणारे वाचक वाढले आहेत, आणि त्यांची पत्रे आपण छापता. एका प्रयोगशाळेचा अहवाल २९०० सांगतो, दुसरीचा २९०, की लगेच घोटाळ्याचा संशय येतो. पहिला पॉईजमध्ये आणि दुसरा पास्कल-सेकंदात असेल तर दोन्ही नमुने सारखेच आणि दोन्ही पास. अहवालात एकक लिहिलेले नसेल, तर नळीच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत मागावी. डांबराला नळीत चढायला लागलेल्या सेकंदांना ज्या स्थिरांकाने गुणले, तो पॉईज प्रति सेकंद आहे की पास्कल-सेकंद प्रति सेकंद, हे त्यावर असते. तापमानही तपासावे, कारण ते न लिहिता दिलेला आकडा कोणत्याही एककात निरुपयोगी आहे.

आपला,
बांधकाम साहित्य चाचणीत काम केलेला एक वाचक, सातारा