नोंदी आपल्या, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात

संपादक महोदय,

आमच्या लहानशा उद्योगाचे हिशेब बरीच वर्षे एका बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले होते. ते तयार करणाऱ्या कंपनीने त्याची देखभाल थांबवली आणि नव्या संगणकावर ते चालेनासे झाले. फाइली शाबूत होत्या. पण दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडल्या की पडद्यावर नुसत्या चौकोनी खुणा दिसत. अखेर जुन्या छापील खतावण्या समोर ठेवून एकेक नोंद पुन्हा भरावी लागली आणि त्यात आमच्या लेखापालांचा जवळजवळ महिना गेला. नोंदी आमच्या असूनही त्या वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, हे मला फार लागले.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरची चर्चा व्यावसायिकांमध्ये बहुधा ‘फुकट मिळते’ इथेच थांबते, म्हणून हे लिहीत आहे. त्या अनुभवानंतर आम्ही पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि पत्रे-तक्ते तयार करण्याचा लिबरऑफिस हा प्रोग्रॅम, ही दोन ओपन सोर्स साधने स्वीकारली. लिबरऑफिस ज्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात फाइली साठवते, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची रचना जाहीर असल्याने उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी त्या फाइली वाचणारा दुसरा प्रोग्रॅम कोणालाही लिहिता येईल. मालकी बदलली म्हणूनही वाट बंद होत नाही. मायएसक्यूएल हा ओपन सोर्स डेटाबेस ओरॅकल या बड्या कंपनीकडे जाण्याची चिन्हे दिसताच त्याच्या मूळ निर्मात्यांपैकी काहींनी २००९ मध्ये त्याच कोडवरून मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस उभा केला. लिबरऑफिसचा जन्मही २०१० मध्ये ओपनऑफिस या आधीच्या प्रोग्रॅममधून असाच झाला.

अर्थात, परवान्याचे पैसे वाचले तरी कर्मचाऱ्यांना शिकवणे, बॅकअप घेणे, सुधारित आवृत्त्या वेळेवर बसवणे यांना खर्च येतोच, आणि जाणकाराला मोबदला द्यावाच लागतो. मात्र तो जाणकार कोण असावा हे आपल्याला ठरवता येते, पटले नाही तर बदलताही येते. शिवाय २०१४ मध्ये इंटरनेटवरील देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरचे सर्व्हर ज्याच्या भरवशावर चालत होते, तो प्रकल्प मोजकी माणसे तुटपुंज्या देणग्यांवर चालवत होती, हेही समोर आले. आपण वापर करायचा आणि भार मात्र त्यांनीच वाहायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

तरी वाचलेल्या रकमेतील काही वाटा व्यावसायिकांनी अशा प्रकल्पांना द्यावा, वापरताना आढळलेले दोष त्यांना नेमके कळवावेत आणि कोणतेही नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी ‘माझ्या सर्व नोंदी मला खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतील का?’ याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, ही विनंती.

— एक लघुउद्योजक